मत, पैसा आणि जीभ: बुद्धाची नीती खान्देशातल्या रोजच्या जगण्यात आणि राजकारणात कशी लावायची

पंचशील आपल्याकडे लहान पोरांनाही पाठ असतं. भुसावळ असो, चाळीसगाव असो की शहाद्याकडचं एखादं गाव, पौर्णिमेला विहारात बसलं की पाणातिपातापासून (जीवहिंसा न करणं) सुरामेरयपर्यंत (दारू न पिणं) सगळं एका दमात म्हणून होतं, पण निवडणूक लागली, भावकीत वाद झाला, कापूस विकायला गाडी भरली, की त्या पाच ओळी नेमक्या कुठे आणि कशा लावायच्या हे कोणी बसून सांगत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. एका दिवसात सगळं करायला जाऊ नका, एकेक पायरी घ्या, महिना लागला तरी चालेल.

आणि हे फक्त बौद्धांसाठी आहे असंही समजू नका. केसपुत्त गावचे कालाम लोक बुद्धाकडे आले होते तेव्हा त्यांची तक्रार अशी होती की जो साधू येतो तो आपलंच खरं आणि बाकीच्यांचं खोटं सांगतो, मग आम्ही ऐकायचं कोणाचं? बुद्धाने त्यांना सांगितलं की ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून नको, ग्रंथात लिहिलंय म्हणून नको, अमका आपला गुरू आहे म्हणूनही नको. त्यातून लोभ, द्वेष, मोह वाढतो का आणि कोणाचं नुकसान होतं का हे स्वतः तपासा, वाढत असेल तर सोडा, लोकांचं भलं होत असेल तर धरा. ही तपासणी कोणीही करू शकतो, त्याला दीक्षा लागत नाही. माझं हे लिहिणंही तसंच तपासून घ्या.

पहिली पायरी: चार अगती पाठ करा

सगळ्यात जास्त कामाची गोष्ट आधी सांगतो. दीघनिकायात, म्हणजे बुद्धाच्या लांब उपदेशांच्या संग्रहात, सिगालोवाद नावाचं सुत्त (उपदेश) आहे. राजगृहाचा एक गृहस्थाचा मुलगा, सिगाल नावाचा, बापाने मरताना सांगितलं म्हणून रोज सकाळी ओल्या कपड्यानिशी सहा दिशांना नमस्कार करायचा, त्याला बुद्धाने संसारी माणसाने कसं जगावं ते सांगितलं. भिक्खूंसाठी नाही, बायकापोरं, धंदा, नोकरचाकर असलेल्या माणसासाठी सांगितलं, म्हणून ते आपल्या इतकं उपयोगाचं आहे. त्यात म्हटलंय की माणूस चार कारणांनी चुकीच्या वाटेला जातो: छंद, दोस, मोह आणि भय. यांनाच चार अगती म्हणतात.

छंद म्हणजे आपलेपणाची ओढ. आपल्या भावकीतला, आपल्या समाजाचा, आपल्या पार्टीचा, आपलं काम करून देणारा, म्हणून त्याचं सगळं बरोबर. दोस म्हणजे द्वेष, स्वतःचं काही होवो न होवो पण त्याला पाडायचंच. मोह म्हणजे माहिती नसताना ठरवून टाकणं, भाषण ऐकलं, रील बघितली, झालं. आणि भय म्हणजे ज्याच्याकडे उधारी आहे, ज्याच्या शेतात कामाला जातो, सोसायटीचं कर्ज ज्याच्या सहीने मिळतं, तो नाराज होईल म्हणून.

आता गेल्या पाच वर्षांत तुम्ही घेतलेले दोनचार मोठे निर्णय आठवा, कोणाला मत दिलं, कोणाशी बोलणं बंद केलं, कोणाला जामीन राहिलात, आणि प्रत्येकापुढे लिहा की या चारांपैकी कोणतं होतं. बहुतेक ठिकाणी एक तरी सापडतंच, पुष्कळदा दोन सापडतात. इथे लाज वाटून घेण्याचं काम नाही, फक्त लिहायचं.

भयाबद्दल एक माझं मत आहे ते सांगतो, चारही अगती सारख्या नाहीत. छंद आणि दोस हे ज्याचं पोट भरलेलं आहे त्याचे दोष जास्त, आणि भय हे बऱ्याचदा गरिबावर लादलेलं असतं. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याला, मालक सांगेल तिकडे मत द्यावं लागत असेल तर त्यात सालदाराला नीती शिकवण्याआधी मालकाला शिकवायला पाहिजे. आणि सालदारासाठी गुप्त मतदान आहे, मशीनवर कोणतं बटण दाबलं ते मालकाला कळत नाही, हे त्याला शांतपणे समजावून सांगणं हे खरं अभयदान आहे.

दुसरी पायरी: करण्याआधी, करताना, केल्यावर

राहुल हा बुद्धाचा मुलगा, लहान वयात संघात आलेला. त्याला अंबलट्ठिका इथे बुद्धाने आरशाचा दाखला दिला, आरसा कशासाठी, तर बघण्यासाठी, तसंच शरीराने, वाणीने, मनाने जे करशील ते बघून करायचं, आणि तेही तीनदा. करण्याआधी बघ यातून मला किंवा दुसऱ्याला किंवा दोघांना त्रास होईल का, होत असेल तर करूच नको. करताना बघ, त्रास होतोय दिसलं तर तिथेच थांब. करून झाल्यावर बघ, आणि चुकलं असेल तर जाणत्या माणसाला सांग आणि पुढे सांभाळ.

याला वही लागते. साधी शंभर पानी घ्या, मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालतं पण मोबाईल उघडला की माणूस दुसरीकडेच जातो हा सगळ्यांचा अनुभव आहे. रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटं. तीनच ओळी: आज कोणतं बोलणं किंवा काम खटकलं, त्यामागे चारांपैकी कोणती अगती होती, उद्या तेच परत समोर आलं तर काय करणार. इतकंच. पाच शीलांचा तक्ता करून टिका मारत बसू नका, त्याने चार दिवसांत कंटाळा येतो आणि वही बंद पडते.

अहिराणीत स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावा, हाई मी कसाले करी ऱ्हायनू (हे मी कशाला करतोय)? घरच्या भाषेत विचारलं की मन खोटं उत्तर लवकर देत नाही, पाली किंवा पुस्तकी मराठीत विचारलं की मोठमोठी उत्तरं यायला लागतात.

तिसरी पायरी: जीभ आणि मोबाईल

चौथं शील मुसावादाचं, म्हणजे खोटं न बोलण्याचं, आणि आजच्या काळात सगळ्यात जास्त मोडलं जाणारं हेच आहे असं मला वाटतं, कारण आता खोटं बोलायला तोंडही उघडावं लागत नाही, अंगठ्याने होतं. फॉरवर्ड करणारा म्हणतो मी कुठे लिहिलंय, मी तर पुढे पाठवलं. पण सम्यक वाचेत खोटं बोलणं, चहाडी करून फूट पाडणं, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड या चारही गोष्टी टाळायला सांगितल्यात, आणि निवडणुकीच्या दिवसातला एखादा ग्रुप उघडून बघा, चारही एकाच मेसेजमध्ये सापडतात.

बुद्धाने चांगल्या बोलण्याच्या पाच खुणा सांगितल्या आहेत: योग्य वेळी बोललेलं, खरं, मृदू, कामाचं आणि मैत्रीच्या मनाने बोललेलं. ग्रुपवर काही टाकायच्या आधी या पाचातून काढायचं ते असं.

आधी खरं आहे का ते बघा, कारण तिथेच अर्धे मेसेज गळतात. तारीख आहे का, गावाचं नाव आहे का, ही बातमी दुसऱ्या कोणत्या पेपरात आली का, फोटो जुना तर नाही, व्हिडिओ दुसऱ्याच राज्यातला तर नाही. फोटो गूगल लेन्समध्ये टाकला की तो आधी कुठे कुठे आलाय ते पुष्कळदा कळतं, दोन मिनिटांचं काम आहे. कळलं नाही तर पाठवू नका, नाही पाठवल्याने कोणाचं काही बिघडत नाही. खरं निघालं तरी पुढचा प्रश्न राहतो की कामाचं आहे का, म्हणजे हे वाचून कोणी काही चांगलं करू शकेल का की फक्त एखाद्या समाजाबद्दल रक्त तापेल. मग वेळ. दंगलीची अफवा उठलीय, वातावरण तापलंय, अशा वेळी खरी गोष्टसुद्धा पोलिसांना आणि गावच्या जबाबदार माणसांना आधी सांगावी, ग्रुपवर नंतर.

मृदू आणि मैत्री या दोन्ही गोष्टी घरच्यांसाठी जास्त लागतात. समजा आबांनी किंवा मामांनी फॅमिली ग्रुपवर खोटी पोस्ट टाकली. सगळ्यांसमोर तिथेच खोडायची घाई करू नका, मोठ्या माणसाचा चारचौघात पाणउतारा झाला की ते खोट्यालाच चिकटून बसतात. पर्सनलला फोन करा, आबा तब्येत कशी आहे विचारा, मग सांगा की आबा ती पोस्ट मी तपासली, तो फोटो जुना आहे, तुम्हीच ग्रुपवर सांगून टाकता का म्हणजे लोकांना बरोबर कळेल. त्यांनी काढली तर ठीक, नाही काढली तर ग्रुपवर एकच साधी ओळ टाका की ही माहिती चुकीची आहे, खरी ही आहे, आणि थांबा. वाद वाढवू नका, पण गप्पही बसू नका. गप्प बसणं म्हणजे मृदू बोलणं असा एक गैरसमज आपल्यात आहे. अभय राजकुमाराला बुद्धाने स्पष्ट सांगितलंय की खरं आणि हिताचं असेल तर ऐकणाऱ्याला कडू लागलं तरी तथागत बोलतात, फक्त वेळ बघून.

आणि दुसऱ्याच्या धर्माबद्दल बोलताना सम्राट अशोकाचा बारावा शिलालेख लक्षात ठेवा, त्यात जिभेवर ताबा ठेवायला सांगितलंय, आपल्या पंथाची विनाकारण स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची विनाकारण निंदा करू नये, जो असं करतो तो आपल्याच पंथाचं नुकसान करतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एक राजा हे दगडावर कोरून ठेवतो. हे आपल्या ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका, अ‍ॅडमिन असाल तर नक्की टाका.

चौथी पायरी: पैसा, धंदा आणि सालदार

खान्देशात बौद्ध धम्माची नाळ व्यापाऱ्यांशी आणि कारागिरांशी फार जुनी आहे. अजिंठा तर आपल्या जळगावहून साठेक किलोमीटरवर, वाघूर नदी तिथल्याच दरीतून निघून आपल्याकडे येते. पण पितळखोऱ्याला फार कमी लोक जातात, चाळीसगावपासून जवळ, सातमाळ्याच्या डोंगरात. तिथे खांबावर पैठणच्या एका गांधिकाच्या, म्हणजे अत्तर-सुगंधी विकणाऱ्याच्या घरातल्या मितदेवाचं दान कोरलेलं आहे, राजवैद्य मगिलाच्या कुटुंबाची दानं आहेत, आणि तिथे सापडलेल्या एका यक्षाच्या मूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराने ती केल्याचं लिहिलंय. म्हणजे अत्तरवाला, वैद्य, सोनार. कमाई करणं यात बुद्धाला काही वावगं वाटलं नव्हतं, कमाई कशी करता हा प्रश्न होता.

उपासकाने पाच धंदे करू नयेत असं सांगितलंय: शस्त्रांचा, माणसांचा-प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा आणि विषाचा. यावर नेहमी विचारतात की मग फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानदाराने काय करायचं? माझ्या समजुतीप्रमाणे गरजेपुरतं, बरोबर सांगून, तोंडाला बांधायला आणि हातमोजे घालायला बजावून औषध देणारा आणि शेतकऱ्याची उधारी आहे म्हणून त्याच्या गळ्यात नको ती तीन औषधं मारणारा, हे दोघे एका ओळीत बसत नाहीत. दुसरा विषही विकतो आणि चोरीही करतो. बोगस बियाणं विकणाऱ्याचंही तेच, तिथे दुसरं आणि चौथं, दोन्ही शीलं एकदम मोडतात.

दुसरं शील, अदिन्नादाना, न दिलेलं घेऊ नये. आपण याचा अर्थ घरफोडी असा लावून मोकळे होतो. मापात पाप हे अदिन्नादान आहे. कापसाच्या वजनात काटा मारणं, केळीचा जाहीर भाव एक आणि बांधावर दुसरा देणं, शेताचा बांध दरवर्षी वीतभर कोरत नेणं, नसलेल्या माणसांची नावं मजुरीच्या हजेरीत लावणं, सगळं त्यातच येतं. शेतकरीही यातून सुटत नाही, कापसावर पाणी मारून वजन वाढवणं हे व्यापाऱ्याच्या काट्याइतकंच वाईट आहे, तो लुटतो म्हणून मी पण, ही दोस-अगती.

सालदाराचा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे सालदाराचा हिशोब आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतो, नवीन साल ठरतं. सिगालाला बुद्धाने मालकाची पाच कर्तव्यं सांगितली होती: ताकद बघून काम द्या, जेवण आणि पगार द्या, आजारपणात काळजी घ्या, घरात काही गोडधोड खास झालं तर त्यांनाही द्या, आणि वेळच्या वेळी सुट्टी द्या. या पाच गोष्टी यावेळच्या आखाजीला कागदावर लिहून सालदाराबरोबर ठरवा. साल (वर्षाचा पगार) किती, उचल (आगाऊ पैसे) किती, आजारी पडला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार आणि ते दिवस कापणार का, महिन्याला सुट्ट्या किती, लेकीच्या लग्नाला उचल मिळणार का. दोघांची सही, दोघांकडे एकेक कागद. घरच्या बाईमाणसांशी, भांडी-धुणं करणाऱ्या मावशींशी पण हेच. आणि कप! घरात काम करणाऱ्या माणसाचा चहाचा कप वेगळा ठेवला असेल तर तो आजच काढून टाका, याला आखाजीची वाट बघू नका.

हे कपाचं मी उगाच आणत नाही. 23 ऑक्टोबर 1929 ला बाबासाहेब आपल्या चाळीसगावला उतरले होते, खान्देशातली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करून परत जाताना. स्टेशनवरून वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार झाला नाही, अस्पृश्याला घेऊन टांगा हाकणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. शेवटी लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक सवय नसलेला माणूस बसवला, टांगा वाटेत अपघातात सापडला, बाबासाहेब फेकले गेले आणि पाय मोडला. बॅरिस्टर झालेल्या माणसाबाबत हे झालं, आपल्याच स्टेशनवर. त्यामुळे समता हा विषय आपल्याकडे भाषणापुरता ठेवून चालत नाही, तो टांग्यात, कपात, भाड्याच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत बघावा लागतो.

कमाईचे भाग कसे करायचे तेही सिगालाला सांगितलंय, चार भाग करा, एक खर्चाला, दोन धंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी बाजूला. आपल्या शेतीत हे जसंच्या तसं बसत नाही कारण उत्पन्न वर्षातून एकदोनदा येतं, पण कापसाचे पैसे हातात आले त्याच दिवशी चौथा भाग वेगळ्या खात्यात टाकला तर पुढच्या जूनला सावकाराच्या दारात जायची वेळ कमी येते. तेवढं तरी करा.

आखाजीचे पत्ते हा नाजूक विषय आहे कारण लोक म्हणतात सण आहे, परंपरा आहे. बुद्धाने जुगाराचे सहा तोटे सांगितलेत, जिंकणाऱ्याचा लोक द्वेष करतात, हरणारा गेलेल्या पैशासाठी झुरतो, हातातला पैसा जातो, चार लोकांत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र कमी लेखतात, आणि त्याला कोणी मुलगी देत नाही. आखाजीला झोके, गौराईची गाणी, माहेरवाशिणी, खापरावरचे मांडे, एवढं सगळं असताना पैशाचे पत्ते कशाला पाहिजेत? आणि आता तर मोबाईलवरचा जुगार बारा महिने आहे. घरातल्या तरुण पोराच्या फोनमध्ये काय चाललंय ते रागावून नाही, जवळ बसून विचारा.

पाचवं शील दारूचं, आणि यात वैयक्तिक संकल्पाबरोबर एक लोकशाहीचा मार्गही आहे. आपल्या राज्यात गावातलं किंवा वॉर्डातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायचं असेल तर किमान 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करता येते, सह्यांची पडताळणी झाल्यावर गुप्त मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यापेक्षा जास्त जणींनी आडवी केली तर दुकान बंद. लक्षात घ्या, मतदानाला आलेल्यांपैकी नाही, एकूणपैकी, म्हणून घरोघर जाऊन प्रत्येक बाईला मतदानाला आणायची तयारी आधी करावी लागते.

पाचवी पायरी: मतदान

निवडणुकीच्या आधीच्या दोन रात्री गावात काय चालतं ते सगळ्यांना माहिती आहे. पाकीट घ्यायचं आणि मत हवं तिथे द्यायचं, असं बरेच लोक सांगतात, मोठमोठे लोकही सांगतात. मला हे पटत नाही. त्यात आपण दोनदा शील मोडतो, घेतो ते आपलं नसतं आणि देतो तो शब्द खोटा असतो. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 प्रमाणे मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा दोघेही लाचेचे गुन्हेगार, कलम 173 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही त्याला हे कलम वाचून दाखवायला जाऊ नका, त्याच्यासाठी उद्याच्या पिठाची सोय आधी, हाही धम्मच आहे.

पाकीट नाकारायचं कसं, तर भांडण न करता. भाऊ, राग मानू नका, आमच्या घरात आम्ही ठरवलंय की कोणाकडूनच घ्यायचं नाही. कोणाकडूनच, हा शब्द महत्त्वाचा, म्हणजे तुम्ही विरोधी पार्टीचे असा शिक्का बसत नाही. पाचदहा घरांनी मिळून ठरवलं तर आणखी सोपं. लोकसभा-विधानसभेला तक्रार करायची असेल तर सीव्हिजिल अ‍ॅप आहे, त्यात तिथल्या तिथे काढलेला फोटो किंवा व्हिडिओ टाकायचा असतो आणि 100 मिनिटांत कारवाई व्हावी अशी व्यवस्था आहे. नाव न सांगताही तक्रार करता येते. ग्रामपंचायत, झेडपीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

आता मत द्यायचं कोणाला. मी पार्टी सांगणार नाही. पद्धत सांगतो.

उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचा. त्यात त्याच्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं द्यावं लागतं, निवडणूक आयोगाच्या साइटवर मिळतं. दोन मुख्य उमेदवारांची शेजारी शेजारी ठेवून वाचा. मोह-अगती अर्धी तिथेच कमी होते.

मग कूटदंत सुत्तातली कसोटी लावा. त्यात एका राजाची गोष्ट आहे, राज्यात चोऱ्या-लूटमार वाढलेली आणि राजाला मोठा यज्ञ करायचाय. पुरोहित त्याला सांगतो की महाराज, फाशी, कैद, दंड, हद्दपारी करून हे थांबणार नाही, उरलेले परत त्रास देतीलच. जे शेती करतात त्यांना बी आणि चारा द्या, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, जे राज्याच्या नोकरीत आहेत त्यांना नीट पगार द्या, मग लोक आपापल्या कामात गुंततील आणि घराला कडी न लावता राहतील. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा जाहीरनामा आहे असं मी म्हणेन, आणि तो आजच्या जाहीरनाम्याला लावून बघायचा. बी आणि चारा: कापसाची खरेदी वेळेवर सुरू करण्याबद्दल हा उमेदवार काय बोलतो, केळीच्या विम्याबद्दल काय, गुरांच्या चाऱ्या-पाण्याबद्दल काय. भांडवल: रावेर-यावलची केळी इथेच टिकवायची, पॅक करायची सोय, बचत गटाच्या बायांना कर्ज. पगार: आशा ताई, अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार यांचे पैसे. आणि धडगाव-अक्कलकुव्याकडून गुजरातला कामासाठी जाणाऱ्या कुटुंबांच्या पोरांच्या शाळेचं काय. सभेत हे विचारा, लेखी विचारा. जो उमेदवार फक्त अमक्या समाजाला धडा शिकवू एवढंच बोलतो त्याने फक्त दंडाचं सांगितलं, बियाण्याचं काहीच नाही.

शेवटी मतदानाच्या आदल्या रात्री वही उघडा आणि लिहा, मी याला मत का देतोय, आणि चार अगती लावा. उत्तरात आपला माणूस एवढंच उरलं असेल तर परत विचार करा. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मातली भक्ती मुक्ती देत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे आपल्या आवडत्या नेत्यालाही लागू आहे, तो कोणत्याही रंगाच्या झेंड्याचा असो, निळ्या झेंड्याचासुद्धा. एकही उमेदवार पटला नाही तर 2013 पासून नोटा आहे, पण घरी बसू नका.

सहावी पायरी: ग्रामसभा आणि समाजाच्या मीटिंगा

त्याच भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की संसदेची पद्धत भारताला नवी नाही, भिक्खू संघात बसण्याचे, ठराव मांडण्याचे, गणसंख्येचे, मतं मोजण्याचे, गुप्त मतदानाचे नियम होते. संघात महत्त्वाचा ठराव आधी मांडायचा, मग तीनदा विचारायचं, ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहावं, ज्याला नाही त्याने बोलावं. एकमत झालं नाही तर सलाका, म्हणजे लाकडी कांड्या वाटून बहुमत काढायचे. आणि वाद मिटवायचा तर दोन्ही बाजू समोरासमोर असताना.

वज्जींचं, म्हणजे वैशालीच्या गणराज्यातल्या लोकांचं उदाहरण तर प्रत्येक सरपंचाने वाचावं. मगधाचा राजा अजातशत्रू याचा मंत्री वस्सकार बुद्धाकडे विचारायला आला की वज्जींवर चाल करायची आहे, तेव्हा बुद्धाने आनंदाला विचारलं, वज्जी वारंवार एकत्र जमतात का, एकजुटीने जमून एकजुटीने उठतात का, ठरलेल्या नियमाने चालतात का, वडीलधाऱ्यांचं ऐकतात का, स्त्रियांवर जबरदस्ती करत नाहीत ना, अशा सात गोष्टी. हे आहे तोवर त्यांची हानी होणार नाही. अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या टीकेत, पुढे सांगितलंय की वस्सकाराने मग लढाई न करता एकेकाच्या कानात कुजबुज करून त्यांच्यात फूट पाडली आणि मग वज्जी हरले. पॅनल फोडायची पद्धत तेव्हापासून तीच आहे!

गावात काय करायचं ते सांगतो. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला पाहिजेत, साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या आसपास, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा. गणसंख्या 15 टक्के मतदार किंवा 100, यातलं जे कमी ते. गणसंख्या नाही म्हणून तहकूब झाली की पुढच्या सभेला ती अट राहत नाही, आणि तिथे दहा माणसांत मोठमोठे ठराव होऊन जातात, म्हणून तहकूब सभेला तर नक्कीच जा. विषय आधी लेखी द्या आणि पोच घ्या. ठराव लिहिला गेल्यावर मोठ्याने वाचून दाखवा असा आग्रह धरा, संघासारखं तीनदा विचारा. कोऱ्या कागदावर सही करू नका, कोणी कितीही जवळचा असला तरी. खर्चाचा हिशोब मिळत नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नंदुरबारकडच्या पेसा गावांत (आदिवासी भागाच्या ग्रामसभांसाठीचा कायदा लागू असलेल्या) पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, तिथे तर ताकद आणखी जास्त आहे.

सरपंच बाई असेल तर खुर्चीवर बाईच बसली पाहिजे आणि बोललीही तीच पाहिजे. नवऱ्याला, दीराला शांतपणे सांगा की भाऊ, ठराव ताईंना मांडू द्या.

सातवी पायरी: अन्याय झाला तर

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. वैराने वैर शमत नाही हे पाठ असतं आणि मग कोणीतरी मारहाण केली, बहिष्कार टाकला, तर सोडून द्या, मैत्री करा असं सल्ला देणारे येतात. वैर न ठेवणं आणि तक्रार न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने अत्याचार केला त्याला थांबवणं हे त्याच्याही हिताचं आहे. म्हणून एफआयआर करा, अ‍ॅट्रॉसिटीचा 1989 चा कायदा लागू होत असेल तर तो लावायला सांगा, मेडिकल करा, एफआयआरची कॉपी घ्या, ती मोफत मिळते. त्यासोबत काय करायचं नाही ते पण ठरवा: त्याच्या अख्ख्या समाजाला शिवी द्यायची नाही, त्याच्या घरच्या बायापोरांना त्रास द्यायचा नाही, खोटा साक्षीदार उभा करायचा नाही, निरपराध माणसाचं नाव कागदावर घालायचं नाही. केस सत्यावर उभी असेल तर मनही उभं राहतं. तारखा चालू असताना रोज पाच मिनिटं मैत्री भावना करा, म्हणजे मनात भलं चिंता, आधी स्वतःसाठी, मग घरच्यांसाठी, सगळ्यात शेवटी त्या माणसासाठी. सुरुवातीला जमत नाही, तर फक्त स्वतःपुरती करा, रागाने झोप जाते ती तरी परत येते.

कार्यकर्ता किंवा पुढारी असाल तर

दहा राजधम्म, म्हणजे राज्य करणाऱ्याचे दहा गुण, वाचून घ्या: दान, शील, त्याग, सरळपणा, मृदुता, संयम, न रागावणं, हिंसा न करणं, सहनशीलता आणि लोकांच्या विरोधात न जाणं. अशोकाने सहाव्या शिलालेखात सांगितलं होतं की मी जेवत असो की आतल्या घरात असो, लोकांचं काम मला कधीही येऊन सांगा. तेव्हा फोन उचला. नाही उचलता आला तर संध्याकाळपर्यंत परत करा. बाकी सगळं त्यानंतर.

सुरुवात कुठून करायची

एकट्याने हे जास्त दिवस टिकत नाही, म्हणून पाचसहा जण जमवा, त्यात बाया पाहिजेत, तरुण पोरं पाहिजेत, आणि जमलं तर दुसऱ्या समाजाचा एखादा मित्र पण. पौर्णिमेची वंदना झाली की लगेच पांगू नका, तासभर तिथेच बसा. एक सुत्त मराठीतून वाचा, सिगालोवादाने सुरुवात करा. मग ज्याला वाटेल त्याने वहीतली एक गोष्ट सांगायची, सक्ती कोणावर नाही, आणि तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. मग गावचं एक काम ठरवायचं, एकच, म्हणजे गटार, रेशनची यादी, शाळेतलं पाणी, जे असेल ते, आणि कोण कधी कोणाकडे जाणार ते लिहायचं. पुढच्या पौर्णिमेला त्याच कामापासून सुरुवात. 31 जुलैला धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला आपण हजारोंनी जातो, तेव्हा गाडीत बसून गाण्यांच्या मध्ये अर्धा तास हीच चर्चा करता येईल, आणि शेजारच्या गावची माणसं तिथे भेटतातच, त्यांचा नंबर घेऊन ठेवा, ग्रामसभेचा अर्ज त्यांनी कसा लिहिला ते विचारायला उपयोगी पडतो.